मेमरी कार्डातील बिघाड आणि छायाचित्रांचे जतन

डिजिटल कॅमेऱ्यातील मेमरी कार्ड अचानक वाचता येईनासे झाले, तरी त्यावरील छायाचित्रे नष्ट झालीच असे नाही. अनेकदा चित्रांची मूळ माहिती कार्डात शाबूत असते. बिघडलेली असते ती केवळ त्या माहितीची नोंद. अशा वेळी घाईने केलेल्या एखाद्या कृतीमुळेच चित्रे कायमची जातात. लग्न, मुंज, प्रवास किंवा घरातील वडीलधाऱ्यांची अखेरची छायाचित्रे पुन्हा काढता येत नाहीत. त्यामुळे कार्ड का बिघडते, बिघडल्यास प्रथम काय करावे आणि मुळात अशी वेळ येऊ नये यासाठी कोणती दक्षता घ्यावी, याची माहिती प्रत्येक कॅमेराधारकास असणे आवश्यक आहे.

कार्डांची वाटचाल

कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये तयार केलेला पहिला डिजिटल कॅमेरा आपली चित्रे साध्या कॅसेटच्या फितीवर साठवीत असे. एक चित्र फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आजच्या कार्डांचा पाया असलेली फ्लॅश स्मृती जपानमधील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात विकसित केली. सॅनडिस्क कंपनीने १९९४ मध्ये कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बाजारात आणले. त्यानंतर स्मार्टमीडिया, मेमरी स्टिक, एक्सडी असे अनेक प्रकार आले आणि काळाच्या ओघात मागे पडले.

सॅनडिस्क, पॅनासॉनिक व तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून १९९९ मध्ये जाहीर केलेले एसडी कार्ड मात्र टिकून राहिले. या कार्डाच्या पिढ्या ओळखणे महत्त्वाचे आहे. मूळ एसडी कार्डाची क्षमता २ गिगाबाइटपर्यंत, २००६ मध्ये आलेल्या एसडीएचसी कार्डाची ३२ गिगाबाइटपर्यंत, तर २००९ मध्ये जाहीर झालेल्या एसडीएक्ससी कार्डाची २ टेराबाइटपर्यंत असू शकते. तिन्हींचा आकार सारखाच असला तरी जुना कॅमेरा किंवा जुना कार्ड रीडर नव्या पिढीचे कार्ड वाचू शकत नाही. अशा वेळी कार्ड उत्तम स्थितीत असूनही ते बिघडल्याचा समज होतो. म्हणून कार्ड वाचले जात नसल्यास सर्वप्रथम ते दुसऱ्या, नव्या रीडरमध्ये घालून पाहणे योग्य ठरते.

कार्डाच्या आत काय असते

नखाएवढ्या कार्डात दोन मुख्य भाग असतात. एक म्हणजे प्रत्यक्ष माहिती साठविणारी फ्लॅश चिप आणि दुसरा म्हणजे तिचा कारभार पाहणारा नियंत्रक. हा नियंत्रक म्हणजे एक छोटासा संगणकच होय. अँड्र्यू हुआंग व शॉन क्रॉस या दोन तंत्रज्ञांनी डिसेंबर २०१३ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे झालेल्या परिषदेत हे प्रात्यक्षिकासह दाखवून दिले होते. फ्लॅश चिपमधील काही कप्पे कारखान्यातूनच सदोष निघतात. नियंत्रक ते टाळून, राखीव कप्पे वापरून वापरकर्त्यास एकसंध जागा उपलब्ध करून देतो.

फ्लॅश चिपच्या प्रत्येक पेशीत विद्युत्भार कोंडून ठेवलेला असतो. लिहिणे व पुसणे या क्रिया पुन:पुन्हा घडल्याने हा भार अडवून धरणारा थर झिजत जातो. सुरुवातीच्या कार्डांत एका पेशीत एकच बिट साठविला जाई. कार्डे स्वस्त व मोठी करण्याच्या ओघात ही संख्या दोन, तीन आणि चारवर गेली. एका पेशीत जितके अधिक बिट, तितकी तिची लेखन सोसण्याची शक्ती कमी असते. घरगुती वापरातील कार्ड केवळ झिजून निकामी होण्यास बराच काळ लागतो. तथापि सुरक्षा कॅमेऱ्यात किंवा मोटारीतील कॅमेऱ्यात अहोरात्र चालणारे कार्ड त्यामानाने लवकर झिजते.

बिघाडाची कारणे

कार्डातील बिघाड स्थूलमानाने तीन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार नोंदीतील बिघाडाचा. कोणते चित्र कोठे ठेवले आहे, याची एक सूची कार्डावर असते. चित्र लिहिले जात असतानाच बॅटरी संपली किंवा कार्ड बाहेर काढले गेले, तर ही सूची अर्धवट राहते. ग्रंथालयाची नोंदवही फाटली तरी पुस्तके कपाटातच राहतात, तशीच ही स्थिती होय. चित्रे परत मिळण्याची शक्यता या प्रकारात सर्वाधिक असते. चुकून पुसलेली चित्रेही याच प्रकारात मोडतात. चित्र पुसण्याचा आदेश दिल्यावर कॅमेरा साधारणत: त्या जागेवर ‘रिकामी’ अशी खूण करतो, त्या जागेवर दुसरे चित्र लिहिले जाईपर्यंत जुने चित्र तेथेच असते. कॅमेऱ्यातील नेहमीचे फॉरमॅट करणे म्हणजेही बहुधा नवी कोरी सूची मांडणे एवढेच असते. काही कॅमेऱ्यांतील सखोल फॉरमॅटचा पर्याय मात्र संपूर्ण कार्ड पुसून टाकतो.

दुसरा प्रकार स्मृतीच्या बिघाडाचा. झिजलेल्या कप्प्यांतील माहिती चुकीची वाचली जाते. चित्राचा वरचा भाग नीट दिसून खालचा भाग करडा होणे किंवा रंगांचे पट्टे उमटणे, ही त्याची लक्षणे असू शकतात.

तिसरा प्रकार नियंत्रकाच्या किंवा जोडणीच्या बिघाडाचा. कार्ड वाकणे, त्याचे कवच उकलणे, धातूच्या पट्ट्या गंजणे किंवा स्थिर विजेचा धक्का बसणे यांमुळे कार्ड कोणत्याही यंत्रास दिसेनासे होते. या प्रकारात घरगुती उपाय चालत नाहीत.

विमानतळावरील क्ष-किरण तपासणीमुळे कार्डातील चित्रे पुसली जातात, असा समज आढळतो. तो निराधार आहे. क्ष-किरणांमुळे रासायनिक फिल्म खराब होऊ शकते. मेमरी कार्डास या तपासणीने अपाय होत नाही. चुंबकाचाही त्यावर परिणाम होत नाही, कारण कार्डातील माहिती चुंबकीय स्वरूपात साठविलेली नसते.

बिघाड लक्षात येताच काय करावे

कॅमेऱ्याने कार्डाविषयी त्रुटीचा संदेश दाखविल्यास किंवा चित्रे दिसेनाशी झाल्यास पुढील गोष्टी त्याच क्रमाने कराव्यात.

१. छायाचित्रण ताबडतोब थांबवावे. त्याच कार्डावर घेतलेले प्रत्येक नवे चित्र एखाद्या जुन्या चित्राच्या जागेवर लिहिले जाऊ शकते. कार्यक्रम सुरू असल्यास दुसरे कार्ड घालून काम चालू ठेवावे.

२. कॅमेरा बंद करून कार्ड बाहेर काढावे. लिहिण्याची क्रिया दर्शविणारा दिवा लुकलुकत असेल, तर तो विझेपर्यंत थांबावे.

३. एसडी कार्डाच्या कडेला असलेली छोटी खिटी ‘लॉक’ या बाजूस सरकवावी. संगणकास कार्ड जोडताच विंडोज किंवा मॅक प्रणाली आपल्या काही लपलेल्या फाइली त्यावर लिहू शकते. खिटीमुळे ते टळते. ही खिटी म्हणजे कार्डातील कुलूप नव्हे, रीडरला दिलेली केवळ खूण आहे. तिचे पालन करणारा रीडर असला तरच तिचा उपयोग होतो. मायक्रोएसडी कार्डास अशी खिटी नसते; ते खिटी असलेल्या अ‍ॅडॉप्टरमध्ये घालून वापरावे.

४. संगणकाने ‘हे कार्ड फॉरमॅट करावयाचे आहे काय’ असे विचारल्यास नकार द्यावा. कार्डातील ‘दोष दुरुस्त’ करण्याची सूचना आल्यास तीही या टप्प्यावर नाकारावी. दुरुस्तीची ही आज्ञावली सूची सुसंगत करण्यासाठी असते, चित्रे वाचविण्यासाठी नव्हे. तिच्यामुळे उरल्यासुरल्या नोंदीही पुसल्या जाऊ शकतात.

५. दुसरा रीडर, दुसरी केबल व शक्य असल्यास दुसरा संगणक वापरून पाहावा. कार्डाच्या पट्ट्या मळल्या असतील तर कोरड्या, मऊ कापडाने हलकेच पुसाव्यात.

कार्ड पाण्यात भिजले असल्यास ते सुकण्यापूर्वी कोणत्याही यंत्रात घालू नये. समुद्राचे पाणी लागले असेल, तर स्वच्छ गोड्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण कोरडे होऊ द्यावे. फ्लॅश स्मृतीला माहिती टिकवून ठेवण्यासाठी विजेची गरज नसते; भिजलेल्या कार्डाचे खरे नुकसान होते ते ओल्या अवस्थेत वीज मिळाल्याने आणि नंतर चढणाऱ्या गंजाने.

चित्रे परत मिळविण्याची रीत

कार्ड संगणकास दिसत असेल, तर चित्रे परत मिळविण्याचा प्रयत्न घरीही करता येतो. त्यात पहिले पाऊल म्हणजे संपूर्ण कार्डाची जशीच्या तशी प्रतिमा संगणकाच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेणे. कार्ड शेवटच्या घटका मोजत असेल, तर प्रत्येक वाचनागणिक त्याची स्थिती खालावू शकते. एकदा प्रतिमा हाती आली की पुढील सर्व प्रयोग तिच्यावर करता येतात आणि मूळ कार्ड बाजूला सुरक्षित राहते. जीएनयू डीडीरेस्क्यू ही मोफत आज्ञावली याच कामासाठी आहे. ती आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेते व अवघड भागाकडे नंतर वळते.

त्यानंतर चित्रे शोधण्याचे काम सुरू होते. फ्रान्समधील क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी विकसित केलेली फोटोरेक ही मुक्त आज्ञावली विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालते. ती कार्डावरील सूचीकडे न पाहता थेट माहितीचे वाचन करते. प्रत्येक जेपेग चित्राच्या आरंभी ठरावीक चिन्हे असतात. ती आढळताच तेथून चित्र सुरू झाले असे मानून आज्ञावली ते वेगळे काढते. या पद्धतीत फाइलींची मूळ नावे परत मिळत नाहीत. तसेच एकच फाइल कार्डावर तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली असेल, तर ती अपुरी निघते. लांबीच्या चित्रफितींच्या बाबतीत हा अनुभव अधिक येतो.

येथे एक नियम कटाक्षाने पाळावा. परत मिळालेली चित्रे त्याच कार्डावर कधीही साठवू नयेत. तसे केल्यास सापडलेले चित्र न सापडलेल्या चित्राच्या जागेवर लिहिले जाते. बाजारात मिळणाऱ्या विकत घ्यावयाच्या आज्ञावलींपैकी काही, सापडलेल्या चित्रांचा नमुना आधी विनामूल्य दाखवितात. पैसे भरण्यापूर्वी तो नमुना पाहून घेणे हिताचे असते.

कार्ड कोणत्याच रीडरला दिसत नसेल, त्याची क्षमता शून्य दाखविली जात असेल किंवा ते हाताला गरम लागत असेल, तर पुढील प्रयत्न थांबवून ते व्यावसायिक प्रयोगशाळेकडे सोपवावे. तेथे नियंत्रकास वगळून फ्लॅश चिपमधील माहिती थेट वाचली जाते. मायक्रोएसडी कार्डात चिप व नियंत्रक एकाच घट्ट आवरणात असल्याने हे काम अधिक अवघड व खर्चिक असते. काम देण्यापूर्वी तपासणीचे शुल्क किती, चित्रे न मिळाल्यास आकार काय आणि खासगी चित्रांची गोपनीयता कशी राखली जाईल, हे लेखी घ्यावे.

बनावट कार्डांपासून सावधगिरी

प्रत्यक्षात कमी क्षमतेचे कार्ड मोठ्या क्षमतेचे भासवून विकण्याचे प्रकार जगभर घडतात. अशा कार्डातील नियंत्रकास खोटी क्षमता सांगण्यास शिकविलेले असते. कार्ड संगणकात उदाहरणार्थ १२८ गिगाबाइटचे दिसते. प्रत्यक्षात त्यातील चिप त्याहून कितीतरी लहान असते. खरी जागा भरेपर्यंत सर्व सुरळीत चालते. त्यानंतर घेतलेली चित्रे एकतर कोठेच लिहिली जात नाहीत किंवा आधीच्या चित्रांवर लिहिली जातात. कॅमेरा कोणतीही तक्रार करीत नाही आणि फसवणूक घरी आल्यावरच उघडकीस येते. अशी चित्रे कोणत्याही उपायाने परत मिळत नाहीत, कारण ती मुळात साठविलेलीच नसतात.

यावर उपाय सोपा आहे. नवे कार्ड महत्त्वाच्या कामासाठी वापरण्यापूर्वी ते पूर्ण भरून तपासावे. विंडोजसाठी एचटूटेस्टडब्ल्यू व लिनक्स आणि मॅकसाठी एफथ्री या मोफत आज्ञावली संपूर्ण कार्डावर माहिती लिहून ती तशीच परत वाचता येते की नाही हे पाहतात. ही तपासणी रिकाम्या कार्डावरच करावी. खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून करावी व पावती जपून ठेवावी. तथापि कंपनीची हमी कार्डाच्या किमतीपुरती असते. हरवलेल्या चित्रांची भरपाई तिच्यात नसते.

कार्ड वापरताना पाळावयाची शिस्त

कार्ड वापरावयाच्या कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे; संगणकात करू नये. एका कॅमेऱ्यातील भरलेले कार्ड दुसऱ्या कॅमेऱ्यात घालून त्यावर पुढे छायाचित्रण करणे टाळावे. चित्रे संगणकावर उतरवून, ती उघडून पाहून आणि दुसरी प्रत तयार झाल्यावरच कार्ड रिकामे करावे. बॅटरी अगदी संपत आली असताना छायाचित्रण रेटू नये. कार्ड शिगोशीग भरण्यापूर्वी बदलावे. विदर्भातील उन्हाळ्यात बंद मोटारीत किंवा कोकणातील दमट हवेत कार्ड उघडे ठेवू नये. डबीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे.

एकाच मोठ्या कार्डाऐवजी मध्यम क्षमतेची अनेक कार्डे वापरल्यास एखादे बिघडले तरी संपूर्ण समारंभ हातचा जात नाही. व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी असलेल्या अनेक कॅमेऱ्यांत दोन कार्डांची सोय असते. तेथे दोन्ही कार्डांवर एकाच वेळी चित्र लिहिण्याचा पर्याय निवडावा.

चित्रांच्या नावांकडेही लक्ष द्यावे. डिजिटल कॅमेऱ्यांसाठी जपानमध्ये १९९८ मध्ये ठरलेल्या मानकानुसार चित्राच्या नावात चार अक्षरे व चार अंक असतात. त्यामुळे ९९९९ नंतर क्रमांक पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. दोन वेगवेगळ्या दिवसांची चित्रे एकाच फोल्डरमध्ये उतरविताना सारखी नावे समोर आली आणि ‘जुनी फाइल बदलावी काय’ या प्रश्नास अनवधानाने होकार दिला गेला, तर कार्ड धडधाकट असूनही चित्रे जातात. प्रत्येक वेळी तारखेच्या नावाचे नवे फोल्डर करणे हा यावरील साधा उपाय होय.

तीन प्रती, दोन माध्यमे, एक परगावी

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी डिजिटल चित्रांच्या व्यवस्थापनावरील आपल्या लेखनातून ‘३-२-१’ हा नियम रूढ केला. चित्रांच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी, असा त्याचा आशय आहे. सर्वसामान्य कुटुंबासाठी याचा अर्थ असा की एक प्रत संगणकावर, दुसरी बाहेरील हार्ड डिस्कवर आणि तिसरी नातेवाईकांच्या घरी किंवा इंटरनेटवरील साठवण सेवेत ठेवावी.

एकाच जागी असलेल्या प्रतींचे काय होते, याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ मध्ये प्रदर्शित झाला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या संग्रहातील नायट्रेट फिल्मचा मोठा साठा भस्मसात झाला. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य घरांत पाणी शिरले. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांनी २०१९ मध्ये महापूर पाहिला. अशा आपत्तीत एकाच कपाटात ठेवलेला संगणक व हार्ड डिस्क दोन्ही एकाच वेळी जातात.

केवळ प्रत असणे पुरेसे नसते. ती वाचता येते की नाही, हेही पाहावे लागते. अमेरिकेतील पिक्सार कंपनीत १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या बहुसंख्य फाइली एका चुकीच्या आदेशाने पुसल्या गेल्या. राखीव प्रत आणली असता तीही सदोष असल्याचे आढळले. तांत्रिक दिग्दर्शिका गॅलिन ससमन यांनी घरून काम करण्यासाठी स्वतःच्या संगणकावर नेलेली प्रत होती, म्हणून ते काम वाचले. वर्षातून किमान एकदा राखीव प्रतीतील काही चित्रे उघडून पाहावीत, हा यातील बोध होय.

मोबाइल आणि इंटरनेटवरील साठवण

मोबाइलमध्ये काढलेल्या चित्रांची स्थिती वेगळी आहे. आजच्या मोबाइलमधील अंतर्गत साठवण सांकेतिक स्वरूपात असते. त्यामुळे तेथून पुसलेले चित्र कार्डाप्रमाणे शोधून काढणे जवळजवळ अशक्य असते. मायक्रोएसडी कार्ड मोबाइलची अंतर्गत साठवण म्हणून जोडले असेल, तर तेही दुसऱ्या यंत्रात वाचता येत नाही. अशा कार्डाचा मोबाइल बंद पडल्यास कार्ड चांगले असूनही चित्रे हाती लागत नाहीत.

चित्र चुकून पुसले गेल्यास प्रथम मोबाइलमधील कचरापेटी पाहावी. आयफोनमध्ये पुसलेली चित्रे साधारणत: ३० दिवस राहतात. गूगल फोटोज सेवेत साठविलेली चित्रे पुसल्यानंतर ६० दिवस कचरापेटीत असतात. ही मुदत संपल्यावर ती कायमची जातात.

इंटरनेटवरील सेवा आणि मोबाइल यांच्यातील चित्रे परस्परांशी जुळवून ठेवली जात असतील, तर मोबाइलवर पुसलेले चित्र सेवेतूनही पुसले जाते. अशी जुळवणी म्हणजे स्वतंत्र राखीव प्रत नव्हे. शिवाय गूगल फोटोजची अमर्याद विनामूल्य साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. जागा संपल्यावर नवी चित्रे चढणे थांबते आणि ते अनेकांच्या लक्षातही येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठविलेले चित्र आकाराने लहान केले जाते. त्यामुळे कुटुंबाच्या गटात पाठविलेली प्रत मूळ चित्राची जागा घेऊ शकत नाही. मूळ चित्र पाठवावयाचे असल्यास ते दस्तऐवज म्हणून पाठवावे.

मेमरी कार्ड हे चित्रे कॅमेऱ्यातून घरापर्यंत आणण्याचे साधन आहे. ती वर्षानुवर्षे ठेवण्याची जागा नव्हे. ज्या कार्डावर मागील वर्षीच्या समारंभाची चित्रे अद्याप तशीच आहेत, त्या कार्डाबाबत बिघाडाची वाट पाहण्याचे कारण नाही. ते आजच संगणकास जोडून त्याच्या दोन प्रती कराव्यात आणि तिसरी प्रत दुसऱ्या गावी असलेल्या आप्ताकडे पाठवावी.